संगणकात वाजणारा आवाज स्क्रीन रीडरच्या बोलण्याविना कसा रेकॉर्ड करावा

आपण कळवलेली अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे ती मला नीट समजली आहे की नाही हे आपल्याला पडताळता येईल. आपण कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहता, विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, आधाराने काम करता आणि आठवड्यातून दोनदा झूमवर पुण्यातील गुरुजींकडे ख्याल शिकता. त्यांच्या परवानगीने हा तास ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करावा, शिवाय त्यांनी पाठवलेल्या छोट्या ध्वनिफिती एकापाठोपाठ वाजवून, मध्ये स्वतः म्हणण्यापुरती जागा सोडून, रियाजासाठी एक सलग फीत तयार करावी, असा आपला हेतू आहे. प्रत्यक्षात मात्र कधी नुसती शांतता रेकॉर्ड होते, कधी आलापाच्या मध्यावर एनव्हीडीए बोलतो, कधी गुरुजींचा आवाज अचानक दबतो. फितींमध्ये सोडलेली मोकळी जागा रेकॉर्डिंगमध्ये उमटतच नाही. संगणकात वाजणारा आवाज रेकॉर्ड करू देणारे ‘स्टिरिओ मिक्स’ सापडत नाही. कोणीतरी सुचवले म्हणून एक आभासी ऑडिओ केबल, म्हणजे एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्याकडे नेणारे सॉफ्टवेअर, बसवली, तेव्हा एनव्हीडीए पूर्ण गप्प झाला आणि धाकट्या भावाने येऊन काही केल्यावरच तो पुन्हा बोलू लागला.

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि कोल्हापुरात गेली अनेक वर्षे दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो, की वरवर सहा दिसणाऱ्या या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ एकच आहे: ज्या वाटेने गुरुजींचा आवाज बाहेर पडतो, त्याच वाटेने स्क्रीन रीडरचाही पडतो. एखाद्या उपकरणाकडे जाणारे सर्व प्रोग्रामांचे आवाज विंडोज एकत्र मिसळते, आणि आपण वापरत असलेली रेकॉर्डिंगची पद्धत आवाज उचलते ती या मिसळण्याच्या नंतर. एकदा मिसळलेले दोन मानवी स्वर कोणत्याही इफेक्टने पुन्हा स्वच्छ वेगळे होत नाहीत. मींडेवर पडलेला ‘बटण’ हा शब्द काढायला गेलात तर मींडही जाते. म्हणून आवाज मिसळण्याआधीच वाटा वेगळ्या करणे, एवढेच खरे काम आहे.

परंतु त्याआधी एनव्हीडीए गप्प का झाला ते सांगतो, कारण रेकॉर्डिंग बिघडले तर एक तास वाया जातो, पण स्क्रीन रीडर गप्प झाला तर आपला संगणकच आपल्या हातून जातो. आभासी केबल बसवली की ती विंडोजला स्पीकरसारखीच दिसते, आणि बसवताना तीच अनेकदा डिफॉल्ट, म्हणजे प्रथम पसंतीचे उपकरण होऊन बसते. एनव्हीडीएला कोणते उपकरण वापरायचे हे नाव घेऊन सांगितलेले नसेल, तर तो डिफॉल्टच्या मागे जातो. म्हणजे तो बंद पडलेला नव्हता. तो व्यवस्थित बोलत होता, फक्त ज्या केबलमध्ये बोलत होता तिच्या दुसऱ्या टोकाला ऐकणारे कोणी नव्हते. अशा वेळी कंट्रोल, आल्ट आणि एन दाबून तो पुन्हा सुरू केल्याने काहीच साधत नाही. विंडोजचा नॅरेटरही बहुधा त्याच डिफॉल्ट उपकरणावर बोलतो, त्यामुळे त्याचाही भरवसा धरता येत नाही. माझा पहिला उपाय नेहमी यूएसबी हेडफोन जोडून पाहण्याचा असतो, कारण नव्याने जोडलेल्या यूएसबी उपकरणाला विंडोज बहुतेक वेळा आपणहून डिफॉल्ट करते आणि एनव्हीडीए त्यात बोलू लागतो. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोज आणि आर दाबून ‘एमएमएसवायएस डॉट सीपीएल’ हे रोमन लिपीत लिहून एंटर करावे, उघडलेल्या यादीत बाणाच्या कळीने आपल्या स्पीकरवर जावे आणि आल्ट व एस दाबून त्याला डिफॉल्ट करावे. या यादीत आपला स्पीकर कितव्या जागी येतो हे आजच, एनव्हीडीए बोलत असताना, मोजून पाठ करून ठेवा. नवे उपकरण बसवल्यानंतर पुन्हा मोजा. आणीबाणीत ही मोजणी भावाची वाट पाहू देत नाही.

आता मुख्य रचनेकडे येतो. बहुतेक जण डिफॉल्ट उपकरणावर रेकॉर्डिंगचा आवाज ठेवतात आणि स्क्रीन रीडरला दुसरीकडे हलवतात. माझे मत याच्या उलट आहे. डिफॉल्ट हे स्क्रीन रीडरचे घर राहू द्यावे आणि रेकॉर्ड करायचा एकच प्रोग्राम तेवढा दुसऱ्या उपकरणावर पाठवावा. याचे कारण असे, की डिफॉल्टवर केवळ स्क्रीन रीडर नसतो; ईमेल आल्याची घंटा, बॅटरी संपत आल्याची सूचना, एखाद्या प्रोग्रामचा टिंग असा आवाज, हे सगळे तिथेच येते. स्क्रीन रीडर हलवून आपण एक पाहुणा बाहेर काढतो, पण बाकीचे रेकॉर्डिंगमध्ये तसेच राहतात.

यासाठी दोन स्वतंत्र उपकरणे लागतात, आणि लॅपटॉपचा स्पीकर व त्याच लॅपटॉपच्या खाचेत लावलेला इअरफोन ही बहुधा दोन उपकरणे नसतात. ती एकाच साउंड कार्डची दोन तोंडे असतात. इअरफोन खोचला की स्पीकर बंद होतो, तो यामुळेच. म्हणून एक साधे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. ते बोटाएवढे असते, राजारामपुरीतल्या संगणकाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळते आणि त्याला नेहमीचा इअरफोन लावता येतो. ते जोडून डिफॉल्ट करा. मग एनव्हीडीए कळ (म्हणजे इन्सर्ट, किंवा तशी निवडली असेल तर कॅप्स लॉक), कंट्रोल आणि यू दाबून ध्वनीच्या सेटिंगमध्ये जा आणि ‘आउटपुट डिव्हाइस’ या जागी डिफॉल्टवर विसंबून न राहता त्या यूएसबी कार्डाचे नाव निवडा. आपली एनव्हीडीएची आवृत्ती जुनी असेल तर हीच निवड एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एस दाबून उघडणाऱ्या सिंथेसायझरच्या चौकटीत सापडेल. शेवटी एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि सी दाबून ही रचना जतन करा. यानंतर कोणत्याही प्रोग्रामने डिफॉल्ट बदलले तरी आपला स्क्रीन रीडर जागेवरून हलणार नाही. आपल्या परिचयात कोणी जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरत असेल, तर त्यात ही निवड युटिलिटीज मेनूतील साउंड कार्ड्स येथे असते.

आता झूमच्या स्वतःच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर म्हणून लॅपटॉपचा अंगचा स्पीकर निवडा. ज्या प्रोग्रामात अशी सोय नसते, उदाहरणार्थ फिती वाजवणारा प्लेअर किंवा आकाशवाणी ऐकण्याचा ब्राउझर, त्याच्यासाठी विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, साउंड आणि मग व्हॉल्यूम मिक्सर येथे जावे. तिथे प्रत्येक प्रोग्रामला वेगळे उपकरण देता येते. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ सालच्या १८०३ या आवृत्तीपासून आहे. प्रोग्राम त्या यादीत दिसत नसेल, तर त्यात काहीतरी वाजवायला सुरुवात करून पुन्हा पाहावे. आता आपल्या एका कानात यूएसबी इअरफोनवर एनव्हीडीए आणि खोलीत लॅपटॉपच्या स्पीकरवर गुरुजी, अशी व्यवस्था झाली. एनव्हीडीएचा आवाज इअरफोनबाहेर येत नसल्याने तो मायक्रोफोनमधून गुरुजींनाही ऐकू जात नाही. शिकवणाऱ्याच्या कानाला हा दिलासा मोठा असतो.

ऑडॅसिटीत शांतता रेकॉर्ड होण्याचे सर्वांत वारंवार दिसणारे कारण चुकीचा होस्ट हे आहे. होस्ट म्हणजे विंडोजच्या ध्वनीव्यवस्थेशी बोलण्याची पद्धत. ऑडॅसिटीत एमएमई, डायरेक्टसाउंड आणि वासापी अशा तीन असतात. संगणकात वाजणारा आवाज थेट उचलण्याची लूपबॅक नावाची सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे, पण ऑडॅसिटीत ती वासापी निवडल्यावरच दिसते. शिफ्ट आणि एच दाबून होस्ट निवडा, मग शिफ्ट आणि आय दाबून रेकॉर्डिंगचे उपकरण निवडा. यादीतल्या ज्या नावापुढे ‘लूपबॅक’ असे ऐकू येईल, त्यातले लॅपटॉपच्या स्पीकरचे घ्यायचे, यूएसबी कार्डाचे नव्हे. शिफ्ट आणि एन दाबून दोन चॅनल, म्हणजे स्टिरिओ ठेवा. ऑडॅसिटी उघडल्यानंतर यूएसबी कार्ड जोडले असेल तर ते यादीत येणार नाही. ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस’ ही आज्ञा दिली की येते. ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ सुरू असेल तर ते न चुकता बंद करा, नाहीतर रेकॉर्ड होणारा आवाज पुन्हा वाजून पुन्हा रेकॉर्ड होतो आणि आपल्याला प्रतिध्वनी ऐकू येतो. सुरू करतानाच त्रुटी आली आणि तिचा क्रमांक उणे ९९९७ असेल, तर सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, जुळत नाही असा त्याचा अर्थ आहे. उपकरण ४८००० हर्ट्‌झवर असेल तर ऑडॅसिटीतील प्रकल्पही ४८००० वर आणावा.

लूपबॅक मिळाल्यावर स्टिरिओ मिक्सची गरजच राहत नाही. स्टिरिओ मिक्स ही साउंड कार्डाच्या ड्रायव्हरने दिलेली जुनी सोय आहे. ती अनेक लॅपटॉपांत लपवलेली असते आणि काहींत मुळातच नसते. असली तरी त्याच कार्डाचा आवाज तेवढा उचलते, ब्लूटूथ किंवा यूएसबीवर जाणारा नाही. तिच्या शोधात संध्याकाळ घालवू नका.

ब्लूटूथचा उल्लेख आला म्हणून सांगतो, की गाण्याच्या तासाला ब्लूटूथ हेडसेट टाळावा. त्याचा मायक्रोफोन वापरात आला की तो हँड्सफ्री पद्धतीत जातो, आवाज एकपदरी होतो आणि त्याचा दर्जा फोनवरील संभाषणाच्या पातळीवर उतरतो. जुन्या विंडोजमध्ये तर एकाच हेडसेटची दोन वेगळी नावे यादीत असतात, आणि आपण एका नावाचा लूपबॅक निवडून बसतो तेव्हा आवाज दुसऱ्याच नावाने जात असतो. आपल्या शांततेच्या रेकॉर्डिंगांपैकी एखादे या कारणाने झालेले असणे शक्य आहे.

आता फितींमधल्या मोकळ्या जागेविषयी. याचे कारण सहजासहजी लक्षात येत नाही आणि माझ्याही फार उशिरा लक्षात आले. वासापी लूपबॅक हा मायक्रोफोनसारखा सतत ऐकत नसतो. त्या उपकरणाकडे कोणताही प्रोग्राम काहीही पाठवत नसेल, तर लूपबॅककडून ऑडॅसिटीला काही मिळतच नाही, आणि ऑडॅसिटी शांतता लिहिण्याऐवजी नुसती थांबून राहते. पुढची फीत सुरू झाली की रेकॉर्डिंग पुढे सरकते आणि मधली जागा गायब होते. झूमच्या तासात हे सहसा जाणवत नाही, कारण झूम आवाजाचा प्रवाह अखंड चालू ठेवतो. गंमत अशी, की एनव्हीडीए त्याच उपकरणावर बोलत होता तोवर त्याच्या बोलण्यानेच हा प्रवाह अधूनमधून जागा राहत होता; वाटा वेगळ्या केल्यावर ही अडचण आपल्याला आधीपेक्षा जास्त जाणवेल, तेव्हा नवीनच काही बिघडले असे समजू नका. उपाय सोपा आहे: ऑडॅसिटीच्या जनरेट मेनूतून एका तासाची शांतता तयार करून तिची फाइल बनवा आणि ती दुसऱ्या एखाद्या प्लेअरमध्ये त्याच स्पीकरकडे वाजत ठेवा. ऐकू काहीच येत नाही, पण उपकरण जागे राहते आणि आपल्या म्हणण्याची जागा मात्रेगणिक जपली जाते. रियाजाच्या फितीत तानपुरा हवाच असेल, तर शांततेऐवजी तानपुऱ्याचा प्रोग्राम त्या स्पीकरकडे मंद लावून ठेवला तरी तेच काम होते, आणि मला व्यक्तिशः तेच अधिक आवडते.

गुरुजींचा आवाज दबण्यामागे दोन वेगळ्या सेटिंग्ज असू शकतात. एनव्हीडीएमध्ये ऑडिओ डकिंग नावाची सोय आहे. तो बोलू लागला की ती इतर प्रोग्रामांचा आवाज कमी करते, म्हणजे आपल्याला त्याचे बोलणे स्पष्ट ऐकू यावे. वाटा वेगळ्या केल्यावर तिची गरज उरत नाही, म्हणून एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि डी दाबत राहून ‘नो डकिंग’ ऐकू येईल तिथे थांबा. दुसरी सेटिंग विंडोजची स्वतःची आहे. संभाषण सुरू झाल्याचे ओळखून ते इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करते, आणि हे मुळातच सुरू असते. वर सांगितलेल्या त्याच ध्वनीच्या खिडकीत कंट्रोल आणि टॅबने ‘कम्युनिकेशन्स’ या शेवटच्या भागात जाऊन ‘डू नथिंग’ निवडावे. तासाच्या वेळी आपला तानपुरा अचानक खाली जात असेल तर हेच कारण धरा.

यूएसबी कार्ड जवळ नसेल तेव्हाही अगदी हात टेकण्याची वेळ नाही. एनव्हीडीएच्या २०२४.२ या आवृत्तीपासून साउंड स्प्लिट ही सोय आली आहे. एनव्हीडीए कळ, आल्ट आणि एस दाबून ती अशी लावता येते, की एनव्हीडीए फक्त डाव्या बाजूला आणि बाकी सर्व प्रोग्राम फक्त उजव्या बाजूला वाजतात. मग लूपबॅकने दोन चॅनलांत रेकॉर्ड करावे, ऑडॅसिटीत शिफ्ट आणि एम दाबून त्या ट्रॅकचा मेनू उघडावा, ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करावे आणि ज्या ट्रॅकवर एनव्हीडीए आहे त्यावर शिफ्ट आणि सी दाबून तो काढून टाकावा. गुरुजींचा आवाज एकपदरी मिळतो, पण शिकवणीला तेवढे पुरते. संगीताच्या मैफलीची ध्वनिफीत जतन करायची असेल तर मात्र ही पद्धत वापरू नये, कारण तिची डावी-उजवी रुंदी त्यात हरवते.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगणे भाग आहे. लूपबॅकमध्ये फक्त बाहेर पडणारा आवाज येतो. आपण स्वतः म्हटलेले त्यात येत नाही. गुरुजींनी आपल्याला कुठे थांबवले ते ऐकू येईल, पण का थांबवले ते कळणार नाही, आणि शिष्याच्या दृष्टीने तर त्यातच तासाचा अर्धा जीव असतो. ऑडॅसिटी एका वेळी एकच उपकरण रेकॉर्ड करते. म्हणून गुरुजींनी झूममध्ये आपल्याला रेकॉर्डिंगची परवानगी देऊन ठेवली असेल, तर आल्ट आणि आर दाबून झूमचेच रेकॉर्डिंग करावे, हे मी तासासाठी सर्वांत आधी सुचवेन. त्यात दोघांचे आवाज येतात, प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी फाइल करण्याचा पर्याय त्याच्या सेटिंगमध्ये आहे, आणि आपण स्क्रीनबरोबर संगणकाचा आवाज शेअर केला नाही तर एनव्हीडीए त्यात येत नाही. ते शक्य नसेल तर ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम शिकून घ्यावा. त्याच्या २०२२ साली आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून ‘ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर’ हा स्रोत मिळतो, आणि तो एकाच प्रोग्रामचा आवाज मिसळण्याआधी उचलतो. त्यामुळे एनव्हीडीए त्याच स्पीकरवर बोलत असला तरी बाधा येत नाही. जोडीला मायक्रोफोन वेगळ्या ट्रॅकवर घेता येतो. एवढेच लक्षात ठेवा, की ओबीएसमध्ये ‘डेस्कटॉप ऑडिओ’ मुळातच सुरू असतो. तो सेटिंगमध्ये बंद केला नाही तर एनव्हीडीए त्या दाराने आत येतो आणि सगळी खटपट व्यर्थ जाते. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करताना गुरुजींचा आवाजही स्पीकरवर न ठेवता लॅपटॉपच्या खाचेतील हेडफोनवर घ्यावा, नाहीतर तो मायक्रोफोनमध्ये दुसऱ्यांदा शिरतो.

आभासी केबल काढून टाकावी असे मी म्हणत नाही. व्हीबी-केबलसारखे साधन उपयोगी आहे, फक्त वरच्या रचनेत त्याची गरज पडत नाही. पुढे कधी वापरलेत तर नावांचा गोंधळ टाळा: ‘केबल इनपुट’ हे वाजवण्याच्या यादीत असते, कारण आपण त्यात आवाज घालतो, आणि ‘केबल आउटपुट’ हे रेकॉर्डिंगच्या यादीत असते. शिवाय केबलमध्ये गेलेला आवाज आपल्याला आपोआप ऐकू येत नाही. त्यासाठी केबल आउटपुटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ सुरू करावे लागते.

रेकॉर्डिंग खरेच होत आहे का हे मीटरच्या हलत्या पट्टीवरून पाहणाऱ्याला कळते; आपल्याला दुसरा मार्ग लागतो. तास सुरू होण्याआधी दहा मिनिटे एखादी फीत वाजवून वीस सेकंद रेकॉर्ड करा, थांबवा, कंट्रोल आणि ए दाबून सर्व निवडा आणि ॲम्प्लिफाय हा इफेक्ट उघडा. तिथे आपोआप भरलेला आकडा ऐका. तो ६ डेसिबल असेल तर आपला सर्वांत मोठा स्वर कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली आहे, म्हणजे उत्तम. शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ असेल तर तार षड्‌जाला आवाज फाटण्याची भीती आहे, म्हणून व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या प्रोग्रामचा आवाज थोडा उतरवा. आकडा ३० किंवा ४० असेल तर आवाज फार क्षीण येतो आहे. आकडा ऐकून एस्केप दाबून बाहेर पडा. इफेक्ट लावायचा नाही. मग तीच वीस सेकंदे एकदा ऐकून पाहा, आणि ती ऐकताना मुद्दाम एनव्हीडीएची एखादी चाहूल येते का याकडे लक्ष द्या.

एवढे सगळे जमल्यावरही तानपुरा मध्येच विरतो आणि लांबलेला स्वर शेवटी तुटतो असे वाटले, तर दोष आपल्या रेकॉर्डिंगचा नाही. झूमची गोंगाट कमी करणारी यंत्रणा एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंख्याचा आवाज समजते, आणि ही छाटणी गुरुजींच्या संगणकावर होते. आपल्याकडे येणाऱ्या आवाजातच तो स्वर नसतो. जयपूर गायकीच्या अल्लादिया खाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या आपल्या गावात, स्वराचा शेवट कसा सोडला यावरही चर्चा करणारे कान अजून आहेत, तेव्हा ही बाब लहान समजू नये. गुरुजींना त्यांच्या झूममधील ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करण्याची विनंती करा. तास सुरू झाल्यावर त्याच नावाचे बटण त्यांना खिडकीच्या वरच्या भागात सापडेल, आणि ते तिथेही चालू करावे लागते.